तीन मिलिमीटर

एक्स-रेवर माझ्या वरच्या समोरच्या दाताच्या मुळाशी एक काळा गोल दिसत होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. धंतोलीतल्या त्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाचं टोक त्या गोलावर ठेवून म्हणाल्या, "इथलं हाड गेलंय."

नववीत असताना तोंडावर चेंडू बसला होता. दात तुटला नाही, पण हळूहळू काळवंडला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात त्याचं रूट कॅनाल झालं, आत धातूची दांडी बसली, वरून कॅप आली. नंतर मी तो दात विसरून गेलो. आठ वर्षांनी हिरडीवर एक पुटकुळी आली. दुखत नव्हती. फुटायची, खारट चव यायची, बसायची, महिन्याभरानं पुन्हा यायची. दोनदा अँटिबायोटिक घेतलं. दोनदा ती गेली आणि दोनदा परतली.

डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. कॅप आणि दांडी काढून रूट कॅनाल पुन्हा करायचं, पण दांडी काढताना मूळ तडकायची भीती होती. दुसरा रस्ता दात काढून इम्प्लांट बसवायचा. तिसऱ्यात दाताला वरून हातच लावायचा नाही. हिरडी उघडायची, हाडातून मुळाच्या टोकापर्यंत जायचं, टोकाचे तीन मिलिमीटर कापून टाकायचे आणि कापलेलं तोंड मागच्या बाजूनं बंद करायचं. या शस्त्रक्रियेला एपिकोएक्टमी म्हणतात. डॉक्टर म्हणाल्या, "विचार करून सांगा, घाई नाही."

घरी आल्यावर आजीला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि एकच वाक्य बोलली, "वरचा दात काढू नको बापा, डोळा जाईन."

मी हसलो. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि दाताचे डॉक्टर ती खोडून काढताना थकून जातात. वरच्या दातांच्या नसा आणि डोळ्याची नस वेगळ्या आहेत. दात काढल्यानं कुणी आंधळं होत नाही. तरीही ही समजूत आली कुठून, हे शोधायला बसलो आणि थेट सुश्रुतापाशी पोहोचलो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातांच्या मुळांच्या रोगांत 'दंतनाडी' आहे. नाडी म्हणजे पू वाहून नेणारी वाट. माझ्या हिरडीवरच्या पुटकुळीखाली जी होती तीच. सुश्रुताचा उपाय सरळ आहे: ज्या दातापासून नाडी निघते तो दात काढा, मांस छेदून जागा साफ करा, क्षारानं किंवा अग्नीनं डागा. दुर्लक्ष केलं तर ती जबड्याचं हाड फोडते, असा इशाराही आहे. पण लगेच एक अपवाद येतो. वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो उपटू नये. फार रक्त जातं, माणूस एका डोळ्यानं आंधळा होतो, तोंड वाकडं होतं. उमरेडकडच्या खेड्यात वाढलेल्या आणि सुश्रुताचं नावही फारसं न ऐकलेल्या माझ्या आजीच्या तोंडी हाच अपवाद होता.

कारण चुकीचं असेल, पण अडचण खरी होती. दातामुळे हाड सडतंय हे त्या वैद्याला दिसत होतं. दात उपटला की सड थांबते हेही ठाऊक होतं. मात्र उपटण्याचा धोका कधीकधी रोगाहून मोठा असे. काढायचा की ठेवायचा, या प्रश्नाला तेव्हा मधला रस्ता नव्हता. सडीला कारण असलेला भाग तेवढा काढायचा आणि दात ठेवायचा, हा रस्ता सापडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

*

1884 साली न्यूयॉर्कच्या जॉन फॅरार या दंतवैद्यानं एका दंतविषयक मासिकात लेख लिहून मुळाचं टोक कापण्याची बाजू मांडली. फॅरार यांच्या आधीही काहींनी मुळं कापली होती, पण हा रीतसर उपचार आहे असं ठासून सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. ज्यांनी वर्षानुवर्षं पू सहन केला, औषधं भरून पाहिली, त्यांच्यासाठी हा शेवटचा उपाय.

हाडाला भोक पाडून मूळ कापायचं, तर पेशंट जागा असताना ते कसं करायचं? त्याचं उत्तरही योगायोगानं त्याच वर्षी आलं. व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर केला. याची किंमत मोठी होती. स्वतःवरच प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेले. पुढे नोव्होकेन आलं. 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन बनवलं. आज आपल्या हिरडीत टोचतात ते बहुधा हेच, किंवा याच्या कुळातलं.

दुसरी अडचण दिसण्याची होती. मुळाचं टोक हाडाच्या आत असतं. नेमकं कुठे कापायचं? रोंटगेन यांनी नोव्हेंबर 1895 मध्ये क्ष-किरण शोधले. जानेवारी 1896 मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ओटो वालखोफ यांनी काचेची फोटोप्लेट तोंडात धरून स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी 25 मिनिटं हलायचं नाही. माझा एक्स-रे बटण दाबताच आला होता. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्यानं हे तंत्र रोजच्या कामात आणलं. फिल्म स्वतःच्या हातानं धरून ते एक्स-रे काढत. त्या हाताला कर्करोग झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, बोटं गेली, शेवटी हातही. 1928 साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आज एक्स-रे काढताना डॉक्टर खोलीबाहेर जातात, त्याला केल्स यांच्यासारख्या माणसांचे हात कारण आहेत.

याच सुमारास ब्रेसलाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, कार्ल पार्त्श या शल्यविशारदानं या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. हिरडीवर चंद्रकोरीसारखा छेद, मग हाड, मग टोक. तो छेद आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

बधिर करणं जमलं, एक्स-रे आला, पद्धत ठरली. आता दात वाचायला हवे होते. पण पुढची तीस वर्षं नेमकं उलटं झालं.

*

ऑक्टोबर 1910 मध्ये विल्यम हंटर नावाचे लंडनचे डॉक्टर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण द्यायला गेले. सोन्याच्या कॅप आणि ब्रिजखाली पू साठतो, तो अंगभर पसरतो आणि त्यातून पोटाचे, सांध्यांचे, रक्ताचे रोग होतात, असं त्यांचं म्हणणं. त्या काळचं निष्काळजी दंतकाम पाहता हा राग बिनबुडाचा नव्हता. पण त्यातून 'फोकल इन्फेक्शन'चा सिद्धांत उभा राहिला. शरीरात कुठेतरी दडलेला संसर्ग दूरच्या अवयवाला आजारी पाडतो, आणि दडायची सर्वांत सोयीची जागा म्हणजे नस मेलेला दात. एक्स-रेवर मुळाशी काळं दिसलं की पुरावा मिळाला. अमेरिकेत नस मेलेला प्रत्येक दात काढलाच पाहिजे म्हणणाऱ्या डॉक्टरांना 'हंड्रेड पर्सेंटर' असं नावच पडलं.

ही लाट कुठवर गेली याचं टोकाचं उदाहरण न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथलं. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांना वाटे की वेडाचं मूळ दातांत आहे. त्यांनी रुग्णांचे दात काढले. बरं वाटलं नाही तर टॉन्सिल काढले. तरी नाही तर आतड्याचा भाग. त्यात माणसं मेली. 85 टक्के रुग्ण बरे होतात असा कॉटन यांचा दावा होता. फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरनं 1924-25 मध्ये चौकशी केली तेव्हा आकडे तसे निघाले नाहीत, पण तो अहवाल बाहेर आला नाही. कॉटन ढोंगी नव्हते. त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढवून घेतले होते.

हा भाग वाचून मी लॅपटॉप बंद केला. माझ्या कामात आम्ही रोज आकडे पाहतो. एखादा बदल केला आणि तक्रारी कमी झाल्या की तो बदलामुळेच कमी झाल्या, असं मानायचा मोह होतो. म्हणून निम्म्या लोकांना जुनं ठेवून निम्म्यांना नवं देतात आणि मग तुलना करतात. दात काढलेल्यांतले काही बरे झाले हे खरंच होतं. न काढलेल्यांतलेही किती बरे झाले असते, हे बराच काळ कुणी मोजलं नाही. 1938 साली न्यूयॉर्कच्या रसेल सेसिल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं संधिवाताच्या 200 रुग्णांचा हिशेब मांडला. दात आणि टॉन्सिल काढून फायदा झाल्याचं दिसलं नाही. सेसिल हे पूर्वी याच सिद्धांताच्या बाजूचे होते. आपलंच म्हणणं तपासून मागे घेणारी माणसं मला फॅरारइतकीच मोठी वाटतात. तोवर किती दात कचऱ्यात गेले होते, याची मोजदाद नाही.

दात वाचवणाऱ्यांनी मग आपली बाजू बांधली. 1943 साली शिकागोत त्यांची संघटना झाली, 1963 साली अमेरिकेत रूट कॅनाल ही स्वतंत्र विशेषशाखा मानली गेली. 1965 साली एक साधा, सुंदर प्रयोग झाला. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांना भोक पाडून नस उघडी टाकली. नेहमीच्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झालं. पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र नस जगली आणि भोक आपोआप भरत आलं. म्हणजे दोष मेलेल्या दाताचा नव्हता, आत उरलेल्या जंतूंचा होता.

ते उरतात कुठे, हे स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी आधीच दाखवून ठेवलं होतं. 1917 साली त्यांनी हजारो काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं, वरचा दात विरघळवला आणि आतला साचा पाहिला. चित्रात असते तशी एक सरळ नळी क्वचितच निघाली. टोकाशी फाटे, जोडरस्ते, जाळी. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या नकाशासारखं. या फाट्यांत कुठलीही सुई पोहोचत नाही. शेवटच्या तीन मिलिमीटरमध्येच हे बहुतेक फाटे असतात. म्हणून तीन मिलिमीटर. माझं रूट कॅनाल करणाऱ्यानं चूक केली असेलच असं नाही, हेही मला इथेच कळलं. मनात धरलेला एक जुना राग सोडून द्यावा लागला.

*

रूट कॅनालमध्ये पोकळी भरतात तो गुलाबी पदार्थ म्हणजे गटापर्चा, मलायातल्या एका झाडाचा चीक. दातात तो 1867 च्या सुमारास आला. त्याआधीच त्याला दुसरं मोठं काम लागलं होतं: समुद्राखालच्या तारांवर पाणी न शिरू देणारं वेष्टण. 1870 साली समुद्राखालून मुंबईला इंग्लंडशी जोडणारी तार आली, ती याच चिकात गुंडाळलेली. मी ज्या धंद्यात आहे त्याचा खापरपणजोबा आणि माझ्या दातातलं भरण, दोन्ही एकाच झाडाचे. त्या तारांपायी मलायातली ही झाडं बेसुमार तोडली गेली.

पण 1870 च्या मुंबईत तार आली म्हणून दात वाचू लागले नाहीत. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढलं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय 1933 चं. दंतवैद्यकाचा देशव्यापी कायदा 1948 चा. आणि नागपुरात मेडिकलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय सुरू झालं ते 1968 साली. म्हणजे फॅरार यांच्या लेखानंतर 84 वर्षांनी.

आजीचे खालचे दात त्याच्या आधीच गेले होते. उमरेडच्या आठवडी बाजारात चादर टाकून बसणाऱ्या माणसाकडे. दुखला की काढ. वरचे तिनं डोळ्यांच्या भीतीनं हलू लागल्यावरही सांभाळले आणि ते एकेक करून आपोआप पडले. आज तिची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत असते.

बाबांच्या वेळेपर्यंत महाविद्यालय होतं, स्वस्तही होतं. पण बाबा हिंगणा एमआयडीसीत रोजंदारीसारख्याच नोकरीत होते. दाढ वाचवायला तीन-चार खेपा, म्हणजे तीन-चार खाडे. काढायला एक दुपार. त्यांनी दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झाले. मी घरून काम करतो, मीटिंग पुढे ढकलतो, पगारातून पैसे भरतो. ट्रेंटनच्या रुग्णांचे दात चुकीच्या सिद्धांतानं गेले. आमच्याकडचे दात सिद्धांत बरोबर असतानाही गेले, कारण वाचवायला लागणारी दुपार कुणाकडे नव्हती. काढायचा की ठेवायचा, हा प्रश्न विचारला जाण्याइतकी ऐपत असलेला आमच्या घरातला मी पहिला.

*

मी तिसरा रस्ता निवडला. त्यामागे शेवटच्या तीसेक वर्षांत झालेले दोन बदल होते.

पहिला सिमेंटचा. कापलेल्या मुळाचं तोंड पूर्वी अमलगमनं, म्हणजे पाऱ्याच्या मिश्रधातूनं बुजवत. ते कालांतरानं झिरपायचं, हिरडीवर करडा डाग पडायचा. 1993 साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद या इराणी वंशाच्या प्राध्यापकांच्या चमूनं एमटीए नावाची पूड पुढे आणली. 1998 साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ही पूड म्हणजे मुख्यतः पोर्टलँड सिमेंट, शुद्ध आणि बारीक केलेलं, एक्स-रेवर दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं. चंद्रपूरकडून येऊन नागपूरच्या रस्त्यांवर ओततात त्याचाच सोवळ्यातला चुलतभाऊ. अमलगम भरताना जागा कोरडी ठेवायची मारामार असायची. सिमेंटला ओल लागतेच, त्यामुळे रक्त-पाण्याच्या जागीही ते घट्ट बसतं, आणि हाड त्याच्याशी जुळवून घेतं.

दुसरा बदल मायक्रोस्कोपचा. पूर्वी टोक तिरकं कापत, कारण सरळ कापलं तर डोळ्यांना आतलं दिसतच नसे. तिरक्या कापानं मागचे फाटे तसेच राहत. 1990 च्या आसपास मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासाउंडवर थरथरणारी बारीक टोकं आली आणि काप सरळ झाला. 2010 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबात जुन्या पद्धतीचं यश 59 टक्के होतं, नव्या पद्धतीचं 94. डॉक्टरांनी मला हा आकडा सांगितला आणि पुढे हेही सांगितलं की पाच-दहा वर्षांनी पाहिलं तर तो थोडा खाली येतो. आणि मूळच तडकलेलं निघालं तर टाके घालून दात काढावा लागेल. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो या पुढच्या दोन वाक्यांमुळे.

शस्त्रक्रिया तासभर चालली. दुखलं नाही, पण ऐकू सगळं येतं. हाडावर ड्रिल फिरतं तेव्हा आवाज कानातून नाही, कवटीतून येतो. मध्येच डॉक्टर थांबल्या. मायक्रोस्कोपवर डोळे ठेवून निळं द्रव्य लावून त्या तड शोधत होत्या. तेवढी दोनेक मिनिटं मी खुर्चीचे हात घट्ट धरून होतो. मग त्या म्हणाल्या, "तड नाही. पण बाजूला एक फाटा आहे, तो राहिला होता." हेस यांच्या साच्यातला एक फाटा, माझ्या तोंडात. टोक कापलं, सिमेंट भरलं, केसाहून बारीक धाग्यानं टाके घातले. आतला मऊ गोळा तपासणीला गेला. साधा दाह निघाला, काळजीचं काही नव्हतं. चार दिवस वरचा ओठ पुरीसारखा फुगला होता.

वर्षानंतरच्या एक्स-रेत काळ्या गोलाच्या जागी करडं जाळं दिसलं. हाड भरत आलंय. मुळाचं टोक तिरपं नाही, सपाट कापलेलं दिसतं, आणि त्यात सिमेंटचा पांढरा ठिपका. पुटकुळी परत आलेली नाही. आणखी नऊ वर्षांनी काय दिसेल ते तेव्हा कळेल.

मी फोटो आजीला मोबाइलवर दाखवला. तिनं चष्मा लावला, स्क्रीन जवळ धरली, लांब धरली.

"किती कापलं?"

"साबुदाण्याच्या दाण्याएवढं."

"एवढ्यासाठी एवढं?" ती म्हणाली. मग जिभेनं आपल्या हिरड्या चाचपून थोडा वेळ गप्प बसली. "डोळ्यानं बरोबर दिसते नं तुले?"

"दिसते, आजी."

"मंग झालं," ती म्हणाली आणि वाटीतली कवळी घालून जेवायला उठली.